पेण–रोहे परिसरातील जुनी घरे व वास्तू

पेण–रोहे परिसरातील जुनी घरे व वास्तू : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन जुन्या व्यापारी गावांत व त्यांच्या आसपासच्या खेड्यांत आढळणारी पारंपरिक निवासस्थाने, वाडे, प्रार्थनामंदिरे व पूल इत्यादी बांधकामे. पेण हे भोगावती नदीच्या काठी, तर रोहे हे कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. रोह्याच्या समोर नदीपलीकडे अष्टमी हे जोडगाव असून नगरपालिकाही रोहे–अष्टमी या जोडनावाने ओळखली जाते. या दोहोंच्या मध्ये अंबा नदीवर नागोठणे आहे. तिन्ही गावांचे वैशिष्ट्य एकच : खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर वर येणारी गलबते जेथे थांबत आणि सह्याद्रीचे घाट उतरून येणारे बैलांचे तांडे जेथे माल उतरवीत, अशा संगमस्थानी ती वाढली. मीठ, सुकी मासळी, तांदूळ व इमारती लाकूड हा येथील मुख्य व्यापार. या व्यापारातून आणि शेतजमिनीच्या खंडातून आलेल्या पैशांवर येथील घरे उभी राहिली. ते उत्पन्न आटल्यावर त्यांना उतरती कळा लागली.

ऐतिहासिक दृष्ट्या हा प्रदेश निजामशाही, मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी व अलिबागचे आंग्रे यांच्या सत्तांच्या सीमेवर होता. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर गेलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने चौलहून अष्टमीच्या मार्गानेच प्रवास केला. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये पेण इंग्रजांच्या ताब्यात गेले. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमेवरच्या या अस्थिर जीवनामुळे अठराव्या शतकापूर्वीची राहती घरे येथे जवळजवळ उरलेली नाहीत. आज जी जुनी म्हणून दाखविली जातात, त्यांतील बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील आहेत. घराचे जोते मात्र पुष्कळदा घरापेक्षा जुने असते. घर जळाले वा कोसळले, तरी त्याच जोत्यावर नवे घर उभारण्याची रीत होती. त्यामुळे घराचे वय सांगताना जोते व वरचे बांधकाम यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

बांधकामाचे साहित्य : दक्षिण कोकणात, म्हणजे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, तांबूस जांभ्या दगडाचे चिरे कापून भिंती रचतात. पेण–रोहे भागात जांभा सहज मिळत नाही; येथे काळा दगड, म्हणजे असिताश्म, विपुल आहे. तो कठीण असल्याने घडविणे खर्चाचे पडते. म्हणून घडीव दगडाचा वापर जोते, पायऱ्या, तळखडे व विहिरीचे तोंड एवढ्यापुरता होई आणि वरच्या भिंती चिखलात बसविलेल्या अनघड दगडांच्या किंवा विटांच्या असत. सधन घरांत चुना वापरीत. किनाऱ्यावरील शिंपले भाजून तो तयार करीत आणि बैलाच्या घाणीत मळून घेत. गिलाव्याच्या चुन्यात गूळ वा बेलफळाचा गर मिसळण्याची पद्धत होती. लाकूड सह्याद्रीच्या उतारावरच्या रानांतून येई. खांब व तुळयांसाठी साग किंवा ऐन, किरकोळ कामासाठी किंजळ, तर दारांच्या चौकटी व देव्हाऱ्यासाठी साग, शिसव वा फणस असे वाटप सामान्यतः दिसते. फणसाच्या लाकडाला देवघरात मान असे, कारण त्याचा पिवळा रंग जुना होत जाईल तसा गडद व तुळतुळीत होतो.

या घरांचा भार भिंतींवर नसून लाकडी सांगाड्यावर असतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दगडी तळखड्यावर उभा केलेला खांब, त्याच्या माथ्यावर कोरीव हस्त, त्यावर तुळई आणि तुळयांवर कडीपाट अशी रचना असते. तळखड्यामुळे खांबाचा बुंधा जमिनीच्या ओलीपासून व वाळवीपासून दूर राहतो. भिंत ढासळली तरी छप्पर लगेच खाली येत नाही. उलट, भिंत धड दिसत असताना एखाद्या खांबाचा बुंधा आतून कुजलेला असला, तर घर धोक्यात असते. जुने सुतार खांबावर टिचकी मारून आवाजावरून त्याची परीक्षा करीत.

घराची रचना : घाटावरील, विशेषतः पुण्याचा वाडा चौकाभोवती गुंफलेला असतो, त्याचे तोंड आत वळलेले असते. पेण–रोह्याचे घर याच्या उलट बाहेर, अंगणाकडे व रस्त्याकडे पाहते. तीन हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मध्ये उघडा चौक ठेवणे म्हणजे घरात पाणी घेणे होय, हे त्याचे साधे कारण. काही मोठ्या वाड्यांत चौक आढळतो. तो बहुधा घाटावरच्या सरदारी वाड्यांचे अनुकरण असतो आणि त्याच्या कडेने पाणी वाहून नेण्यासाठी खोल दगडी पन्हळ करावी लागते.

अंगणातून दोन-चार पायऱ्या चढून ओटीवर प्रवेश होतो. ओटी पुढून उघडी किंवा लाकडी कठड्याने अर्धी बंद केलेली असते आणि तेथे हमखास झोपाळा असतो. गावातले व्यवहार ओटीवरच होत. सावकाराचे गिऱ्हाईक, खंड घेऊन आलेले कूळ, वकिलाचा पक्षकार, भिक्षुक, वाटसरू या सर्वांची मर्यादा ओटीपर्यंत. कोणी कोठपर्यंत यायचे हे जातीवरूनही ठरत असे आणि अस्पृश्य मानलेल्यांना अंगणातच थांबावे लागे. पायऱ्या, ओटी, माजघर अशी चढत जाणारी ही मांडणी हवापाण्याच्या सोयीची होती, तशीच समाजातील उच्चनीचतेचीही होती. वास्तूच्या सौंदर्याची वर्णने करताना या दुसऱ्या बाजूकडे सहसा दुर्लक्ष केले जाते.

ओटीच्या आत माजघर. ते घरातील सर्वांत मोठे, परंतु सर्वांत अंधारे दालन होय. भिंतींत कोनाडे व फडताळे, वर माळा, एका बाजूस देवघर व दुसऱ्या बाजूस बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर व कोठीची खोली आणि त्यामागे पडवी असा क्रम सामान्यतः असतो. उन्हाळ्याच्या दुपारी माजघर थंड राहते, कारण त्याच्या कोणत्याही भिंतीवर थेट ऊन पडत नाही. मागील दारी न्हाणीघर, पाणचूल, तुळशीवृंदावन, रहाटाची विहीर आणि नारळी-पोफळीचे किंवा केळीचे परसू असते. गोठा शक्यतो बाजूला काढलेला असतो. माडी असलेले घर हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. माडीवरील दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे, तसबिरी व मुंबईहून आणलेली खुर्च्या-मेजे मांडलेली असत. मुंबईशी आगबोटींचा संबंध एकोणिसाव्या शतकातच जुळल्याने धरमतर व नागोठण्याच्या धक्क्यांवरून रंगीत काच, ओतीव लोखंडाचे कठडे आणि पुढे सिमेंटच्या नक्षीदार लाद्या या भागात लवकर पोहोचल्या. त्यापूर्वी श्रीमंतांच्या घरांतही जमीन शेणाने सारवलेलीच असे.

छप्पर व शाकारणी : या घरांचे आयुष्य छपरावर अवलंबून असते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. छप्पर दुपाखी किंवा चौपाखी असून त्याचा उतार तीव्र असतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले अशी मांडणी असते. वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडावे हा हेतू. पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूस, म्हणजे नैर्ऋत्येस व पश्चिमेस, ज्येष्ठाच्या आरंभी झावळ्यांचे झाप बांधीत आणि दसऱ्याच्या सुमारास ते सोडीत.

पूर्वी सामान्य घरांवर भाताचा पेंढा किंवा गवत असे आणि बऱ्या घरांवर कुंभाराने चाकावर घडविलेली अर्धगोल नळीची कौले असत. ही कौले रिपांवर नुसती ठेवलेली असतात. एक ओळ उताणी व तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी. त्यांना धरून ठेवणारे काही नसते. माकडांची उडी, मांजराची धाव, वाऱ्याचा झोत किंवा वरून पडलेला नारळ यांपैकी कशानेही ती सरकतात. म्हणून दरवर्षी वैशाखात सर्व कौले उतरवून, फुटकी काढून, कुजलेल्या रिपा बदलून ती पुन्हा रचावी लागतात. या कामास शाकारणी म्हणतात. मंगळूर येथे बाझेल मिशनने १८६५ मध्ये यंत्रावर दाबून केलेल्या सपाट कौलांचा कारखाना सुरू केला आणि ती कौले समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत येऊ लागली. मंगळुरी कौल रिपेला अडकते व शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते. ते वजनाच्या मानाने अधिक क्षेत्र झाकते. त्यामुळे शाकारणीचा व्याप कमी झाला, पण संपला नाही.

शाकारणी चुकली तर काय होते, याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या पावसाळ्यात एक-दोन कौलांच्या जागी गळते. भांडे ठेवून ते भागविले जाते. दुसऱ्या वर्षी ती रीप व तिच्याखालचा वासा ओला राहून कुजतो, छप्पर तेथे बसते आणि आजूबाजूची कौले घसरतात. मग पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. चिखलात रचलेली भिंत आतून भिजून फुगते व गिलावा सुटतो. पाणी भिंतीतून जोत्यापर्यंत पोहोचले, की वाळवी वर चढते. चार-पाच पावसाळ्यांत शंभर वर्षे उभे राहिलेले घर राहण्यास अयोग्य होते. दगड, चुना व साग यांच्या बळावर ही घरे टिकली अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती दरवर्षीच्या आठवडाभराच्या मजुरीवर टिकली. घर बंद करून मुंबईस राहणाऱ्या मालकाला नेमकी तीच मजुरी करवून घेणे जमत नाही. तसेच नळीची कौले करणारे कुंभार व ती रचणारे कुशल गडी दोघेही आता दुर्मिळ झाले आहेत.

वस्तीची मांडणी : दोन्ही गावांची जुनी वस्ती आळ्यांत विभागलेली आहे. पेण येथील कासार आळी, कुंभार आळी, प्रभू आळी ही नावे त्या त्या व्यवसायाची वा समाजाची निदर्शक होत. आळीतील घरे एकमेकांना चिकटून असली, तर त्यांच्या ओट्या मिळून एक अखंड सावलीची वाट तयार होते. बाजारपेठेतील घरांत पुढे दुकान, मागे वखार व वर माडीवर राहण्याची जागा असते. रस्त्याकडील बाजू फळ्या एकाआड एक बसवून बंद करण्याची सोय असते. रोह्यास चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची जुनी वस्ती असून दप्तरदारी, वकिली व सरकारी नोकरी यांमुळे त्यांच्या घरांत स्वतंत्र लिहिण्याची खोली ही विशेष गोष्ट आढळे. अष्टमी व नागोठणे येथील कोकणी मुसलमानांच्या घरांची बांधणी शेजारच्या हिंदू घरांसारखीच असते. येथील जुन्या मशिदींवरही पुष्कळदा घुमटाऐवजी कौलारू छप्परच दिसते. पाऊस सर्वांना सारखाच असल्याने सुतारांनी धर्मभेद फारसा मानलेला नाही.

पेणच्या पश्चिमेस खाडीलगतच्या खारपाट प्रदेशात आगरी व कोळी समाजांची गावे आहेत. बांध घालून समुद्रापासून मिळविलेल्या या जमिनीत उंच जोते ही शोभेची नव्हे, तर गरजेची बाब होय. बांध फुटून खारे पाणी आत शिरले, तर शेत व घर दोन्ही जातात. डोंगराकडील वाड्यांत कातकरी व ठाकर यांची घरे कारवीच्या काठ्या विणून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या कुडाची असतात. अशा घराचे आयुष्य थोडे, परंतु ते घरच्या माणसांना काही दिवसांत पुन्हा उभे करता येते. वास्तूंच्या याद्यांत त्यांची नोंद नसते. तथापि परिसरातील सर्वांत जुनी बांधणीची रीत बहुधा हीच असावी.

उल्लेखनीय वास्तू : या परिसरातील सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंत नागोठण्याजवळील अंबा नदीवरील दगडी पुलाची गणना होते. तो निजामशाहीच्या काळात, सु. १५८० च्या सुमारास, चौलच्या काझी अलाउद्दीन याने तीन लाख रुपये खर्चून बांधला असे सांगितले जाते. चौल बंदर व घाटमाथा यांच्यामधील वाहतूक पावसाळ्यातही चालू राहावी, हा त्याचा उद्देश होता. कमानींवर उभ्या असलेल्या या पुलाच्या दोन कठड्यांमधील वाट अरुंद आहे. ती लादलेल्या बैलासाठी होती, गाडीसाठी नव्हे. या एका मापावरून त्या काळच्या वाहतुकीचे स्वरूप कळते.

पेण येथील बेथ हाएलोहीम हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर १८६३ चे आहे. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी असून तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा परंपरागत धंदा. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे या गावांचीच साक्ष देतात. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले प्रार्थनामंदिर उभारेपर्यंत त्यांची उपासना घरांतूनच होत असे. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मंदिरे झाली. कोकणातील ही प्रार्थनामंदिरे बाहेरून आळीतील मोठ्या घरासारखी दिसतात. आत एकच उंच दालन, मध्यभागी कठडा असलेले व्यासपीठ, जेरूसलेमच्या दिशेने म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट आणि वर स्त्रियांसाठी लाकडी सज्जा, ही त्यांची सर्वसाधारण रचना होय. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि खेडोपाडी हा समाज विरळ झाला.

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण आजोबा शंभुराव यांच्या छायेत या गावी गेले. वडील बडोद्यास नोकरीस असल्याने पुढे कुटुंब तिकडे गेले. पुढील काळात जमिनीच्या मालकीविषयी देशभर पदयात्रा करणाऱ्या पुरुषाचे जन्मघर हे खेड्यातील जमीन बाळगून असलेल्या घराण्याचे घर होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

रोहे येथील घरांचा संबंध दोन प्रसिद्ध व्यक्तींशी येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. त्यांचे वडील रोह्यास वकिली करीत. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांचा जन्म रोह्याचा असून आजोबांनी आखून दिलेल्या पद्धतीने त्यांचे शिक्षण प्राचीन पाठशाळेच्या धर्तीवर झाले. गावाचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या मंदिराचे महत्त्व वास्तुरचनेपेक्षा प्रथेत अधिक आहे. दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या त्याच्या पालखीला पोलीस दलाची सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि पालखी आळ्याआळ्यांतून फिरते. त्या रात्री प्रत्येक घराची ओटी सारवून, रांगोळी घालून व दिवे लावून सज्ज ठेवतात. एरवी बंद असलेली घरेही तेवढ्यापुरती उघडली जातात.

जवळच्या सुधागड तालुक्यात पाली येथील बल्लाळेश्वराचे मंदिर पूर्वी लाकडी होते, ते अठराव्या शतकात दगडी झाले. सुधागड किल्ला भोर संस्थानच्या पंतसचिवांकडे होता; त्यांचा चौसोपी वाडा किल्ल्यावर उभा असून डोंगरमाथ्यावरील वाऱ्यापावसात टिकलेली लाकडी बांधणी म्हणून तो पाहण्याजोगा आहे. अलिबागचा हिराकोट आणि तेथील आंग्र्यांच्या समाध्या यांचे स्वरूप निराळे, राजसत्तेच्या वास्तूंचे असल्याने त्यांचा येथे केवळ निर्देश पुरे.

आर्थिक पाया व ऱ्हास : कुलाबा जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खोती पद्धत होती. खोत हा गावचा सारा भरून कुळांकडून धान्यरूपाने खंड घेई. मोठ्या घरांतील कोठीच्या खोल्या, भाताच्या कणग्या व प्रशस्त अंगणे ही या खंडासाठीच होती. घर शाकारण्यासाठी, लाकूड वाहण्यासाठी व झाप बांधण्यासाठी कुळांकडून वेठीने वा नाममात्र मोबदल्यावर काम करून घेतले जाई. खंडाच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४८ चा कुळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनंतर १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. कुळांना हक्काची जमीन मिळाली; खोताचे घर मात्र उत्पन्नावाचून आणि फुकट श्रमांवाचून उरले. या घरांच्या पडझडीबद्दल हळहळ व्यक्त करताना ती कोणाच्या श्रमांवर उभी होती, हे विसरून चालत नाही. त्याचप्रमाणे ती घडविणाऱ्या सुतार, पाथरवट व कुंभारांचे कसबही त्यांच्याबरोबरच नष्ट होत आहे, हेही तितकेच खरे.

यानंतरच्या पिढ्या शिक्षण व नोकरीसाठी मुंबई–पुण्यास गेल्या. एका घराचे वारस वीस-पंचवीस होतात, मिळकतपत्रिकेवर दिवंगत आजोबा-पणजोबांचे नाव तसेच राहते आणि दुरुस्तीसाठी कोणी एकाने खर्च करावा असे कोणालाच वाटत नाही. विक्रीस संमती मात्र लवकर मिळते. १९८६ मध्ये लोहमार्ग रोह्यापर्यंत आला, धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली, पेण हे पनवेल–मुंबईच्या आवाक्यात आले आणि आळ्यांतील प्रशस्त जागांना सदनिकांसाठी मागणी येऊ लागली. पाडलेल्या घरांचे साग-शिसवी खांब, दारे व झोपाळे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि पुष्कळदा शहरांतील उपाहारगृहांच्या सजावटीत दिसतात.

पेणमध्ये मात्र काही जुन्या घरांना मूर्तिकामाने वेगळे आयुष्य दिले. गणेशमूर्तींच्या व्यवसायासाठी पेण प्रसिद्ध असून हमरापूर, जोहे इ. जवळच्या गावांतही हे काम वर्षभर चालते. उंच माळा, हवेशीर पडवी व ऊन न येणारे माजघर या तिन्ही गोष्टी मातीची मूर्ती हळूहळू व न तडकता वाळण्यास अनुकूल असतात. म्हणून अनेक कुटुंबांनी राहत्या घरातच कारखाने थाटले. आषाढ–श्रावणात ओटीपासून माळ्यापर्यंत मूर्तींच्या रांगा लागलेल्या दिसतात आणि घरच्या माणसांना झोपण्यासाठी जागा शोधावी लागते. घर रोज वापरात असल्याने गळती ताबडतोब लक्षात येते, कारण भिजलेली मूर्ती हे थेट नुकसान असते. या घरांची शाकारणी सहसा चुकत नाही.

संरक्षणाचा प्रश्न : केंद्रशासनाचा १९५८ चा व महाराष्ट्र शासनाचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा यांखाली जिल्ह्यातील किल्ले व कुडे येथील लेणी यांसारख्या वास्तूंना संरक्षण मिळाले, राहत्या खाजगी घरांना ते क्वचितच मिळते. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथील वासुदेव बळवंत फडके यांचा वाडा स्मारक म्हणून जतन झाला, तो थोर पुरुषाच्या नावामुळे. अमेरिकेतील चार्ल्स्टन या दक्षिणी शहराने १९३१ मध्ये एकेका वास्तूऐवजी संपूर्ण जुनी वस्ती संरक्षित करणारा नगररचनेचा नियम केला. त्यात सामान्य घरांनाही स्थान मिळाले. मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. पेण–रोह्यासारख्या छोट्या गावांत आळीचे मोल एखाद्या घरात नसून सलग ओट्यांच्या ओळीत असते. मधले एक घर पाडून तेथे चार मजली इमारत झाली, की शेजारच्या दोन घरांची वळचण, प्रकाश व पाण्याचा निचरा बिघडतो आणि तीही लवकरच पाडावी लागतात.

नैसर्गिक आपत्तींनी या प्रक्रियेस वेग दिला आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने नागोठणे व सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा यांना तडाखा दिला. जांभूळपाड्यात मोठी प्राणहानी होऊन घरे वाहून गेली. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले उडविली. त्यानंतर पंधरवड्यातच पाऊस सुरू झाला. एवढ्या थोड्या अवधीत पुरेशी कौले व ती रचणारे गडी मिळणे अशक्य असल्याने लोकांनी मिळतील ते पत्रे घातले. पत्र्याखाली माजघर उन्हाळ्यात तापते व पावसाच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, परंतु शाकारणीचा खर्च वाचतो. त्यामुळे तात्पुरते म्हणून घातलेले पत्रे अनेक घरांवर कायम राहिले. काही ठिकाणी उतरवलेली धड कौले परसात रचून ठेवलेली आढळतात.